'गन्सेल'मध्ये गन नाही, हंस आहे

अमेरिकन गुन्हेगारी कथांत 'गन्सेल' म्हणजे पिस्तूल बाळगणारा गुंड. कानाला 'गन' ऐकू येते, म्हणून शब्द बंदुकीवरून आला असावा असं कुणालाही वाटेल. पण 'गन' काढून घेतली की 'सेल' उरतो, आणि माणसाचा धंदा सांगणारा असा प्रत्यय इंग्रजीत नाही. फोड चुकली आहे ती इथेच.

मूळ शब्द यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या जर्मनशी नातं सांगणाऱ्या भाषेतला आहे. 'गान्ड्झ' म्हणजे हंस. शेवटी लघुत्वाचा 'ल' लागला की आतला 'आ' बदलून 'ए' होतो आणि 'गेन्ड्झल' तयार होतो, म्हणजे हंसाचं पिल्लू. जर्मन 'गान्स', इंग्रजी 'गूस' आणि आपला 'हंस' ही एकाच मुळाची भावंडं. संस्कृतातल्या 'ह'च्या जागी जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या भाषांत 'ग' येतो. 'हिरण्य' आणि 'गोल्ड' ही जोडीही तशीच. इंग्रजीत 'स'च्या आधीचा 'न' गळला, म्हणून 'गूस'. नराच्या 'गँडर' या नावात मात्र तो टिकला.

1910च्या दशकात मालगाड्यांतून फुकट फिरणाऱ्या अमेरिकन भटक्यांच्या बोलीत हा शब्द वेगळ्याच अर्थाने दिसतो: मोठ्या भटक्याने लैंगिक संबंधासाठी सोबत ठेवलेला कोवळा पोऱ्या. डॅशिएल हॅमेट या गुन्हेगारी कथालेखकाने तोच अर्थ मनात धरून 'द मॉल्टीज फाल्कन' या कादंबरीत विल्मर या पोरसवदा गुंडाला 'गन्सेल' म्हटलं. कादंबरी 'ब्लॅक मास्क' मासिकात सप्टेंबर 1929 ते जानेवारी 1930 अशी क्रमशः आली. संपादक जोसेफ शॉ अश्लील शब्द कटाक्षाने कापत. एर्ल स्टॅनली गार्डनर या लेखकाने पुढे लिहून ठेवलं, की 'गूसबेरी ले' हा शब्दप्रयोग शॉ यांना वावगा वाटला. त्याचा अर्थ मात्र दोरीवरचे वाळत घातलेले कपडे चोरणं एवढाच! 'गन्सेल' बंदुकीचा समजून त्यांनी राहू दिला. 1941च्या चित्रपटातही तो राहिला.

अशी गफलत रुजायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: ओळखीचा ध्वनी, साजेसा प्रसंग आणि मूळ अर्थ ठाऊक नसलेला ऐकणारा. विल्मरच्या खिशात पिस्तुलं होतीच. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती पकडायची तर सर्वांत जुनी नोंद शोधून तिथला अर्थ पाहायचा.

'गन मोल'चंही हेच झालं. आज तिचा अर्थ बंदूकवाल्या गुंडाची मैत्रीण असा घेतात. पण त्यातली 'गन' हिब्रूवरून यिडिशमध्ये आलेल्या 'गनेफ'ची, म्हणजे चोराची, आणि 'मोल' हे मेरीचं लाडकं रूप. सुरुवातीची गन मोल ही स्वतःच खिसे कापणारी बाई होती.