इम्पोसेक्स

समुद्री गोगलगायींच्या मादीच्या शरीरात शिश्न आणि शुक्रवाहिनी हे नराचे अवयव उगवण्याच्या विकृतीला इम्पोसेक्स म्हणतात. मादीचे मूळ अवयव नाहीसे होत नाहीत. त्यांच्या जोडीला नराचे अवयव लादले जातात आणि नावातला ‘इम्पो’ हा लादण्याचाच अर्थ सांगतो. जहाजांच्या बुडाला पूर्वी लावल्या जाणाऱ्या रंगातील ट्रायब्युटिल टिन (टीबीटी) हे कथिलाचे सेंद्रिय संयुग या विकृतीचे मुख्य कारण आहे. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांची यादी लांबलचक असली, तरी रसायनापासून अवयवापर्यंत आणि अवयवापासून समूळ नाहीशा झालेल्या वस्तीपर्यंत सगळे दुवे इतके स्पष्टपणे जुळलेले दुसरे उदाहरण वन्य प्राण्यांत क्वचितच सापडेल.

ज्या उदरपाद (गोगलगायीच्या वर्गातील) प्राण्यांत नर आणि मादी वेगवेगळे असतात, त्यांच्यातच ही विकृती संभवते. पावसाळ्यात बागेत दिसणारी गोगलगाय मुळातच उभयलिंगी असते; तिच्यात दोन्ही प्रकारचे अवयव असणे हेच निरोगीपण. ‘माद्यांचे नर झाले’ असे वर्णन काही वेळा वाचायला मिळते, तेही चूक आहे. अशा मादीच्या अंडाशयात अंडीच तयार होतात. फक्त ती बाहेर पडण्याची वाट बंद होत जाते.

निरोगी मादी. या विषयाचा बहुतेक अभ्यास नुसेला लॅपिलस या, इंग्लंडच्या खडकाळ किनाऱ्यावर आढळणाऱ्या प्राण्यावर झाला. त्याला तिकडे डॉग व्हेल्क म्हणतात. बार्नॅकल (खडकाला वा जहाजाला चिकटून राहणारा कवचधारी जीव) आणि मसल (एक प्रकारचा शिंपला) यांच्या कवचाला भोक पाडून तो आतले मांस खातो. मादीचे अंडाशय शंखाच्या वरच्या वेटोळ्यात असते. तेथून निघालेली अंडवाहिनी आधी अंड्यांना पोषकद्रव्य पुरवणाऱ्या आणि नंतर त्यांच्यावर कवच चढवणाऱ्या ग्रंथीतून जाते व जननद्वाराशी उघडते. अंडी सुटी पडत नाहीत. फुलदाणीच्या आकाराच्या पिवळसर, इवल्याशा संपुटांत भरून ती खडकाच्या फटीत चिकटवली जातात. एका संपुटात शेकडो अंडी असतात, पण त्यांतली बहुतेक वाढणाऱ्या भावंडांचे खाद्य ठरतात. काही महिन्यांनी थोडीच पिल्ले सरपटत बाहेर येतात. पाण्यात तरंगणारी डिंभावस्था (अंड्यातून निघालेल्या अळीची अवस्था) या प्राण्यात नाही, आणि पुढे जे घडले त्यात हा तपशील फार महागात पडला.

शोध. 1970 मध्ये स्टीफन ब्लेबर यांनी इंग्लंडमधील प्लिमथच्या खाडीतल्या डॉग व्हेल्कच्या माद्यांना उजव्या स्पृशेमागे (डोक्यावरच्या शिंगासारख्या स्पर्शांगामागे) शिश्नासारखी वाढ असल्याचे नोंदवले. नराचे शिश्न नेमके तिथेच असते. 1971 मध्ये अमेरिकेत बी. एस. स्मिथ यांना एका वेगळ्याच जातीत हाच प्रकार दिसला आणि त्यांनी ‘इम्पोसेक्स’ हा शब्द घडवला. विकृत माद्या होड्यांच्या धक्क्यांजवळ जास्त सापडत होत्या. स्वच्छ किनाऱ्यावरच्या गोगलगायी धक्क्याजवळ नेऊन ठेवल्या की त्यांच्यातही ती वाढ दिसू लागे. संशय रंगावर गेला आणि 1981 मध्ये स्मिथ यांनी तो कथिलाच्या संयुगांपर्यंत पोचवला. दरम्यान दहा वर्षे गेली होती. एका गोगलगायीच्या डोक्यामागचा कोंब ही तोपर्यंत प्राणिशास्त्रातली गंमतच समजली जात होती.

रंग आणि मात्रा. बुडाला बार्नॅकल, शेवाळ, कालवे चिकटली की जहाजाचा वेग घटतो आणि इंधन जास्त जळते. कोकणात होड्या वर ओढून बूड खरवडता येते. तेलवाहू जहाजाला मात्र त्यासाठी सुकी गोदी गाठावी लागते. 1960 च्या दशकात टीबीटीचे रंग बाजारात आले. त्यानंतरच्या दशकात आलेल्या प्रकारात टीबीटी थेट रंगातील बहुवारिकाला (पॉलिमरला) जोडलेले असे. समुद्राच्या पाण्याने वरचा थर हळूहळू झिजे आणि ताजे विष सतत पृष्ठभागावर येत राही, त्यामुळे एकदा रंगवलेले जहाज पाच वर्षांपर्यंत निर्धास्त असे. रंग म्हणून त्याच्यात खोट नव्हती, हे मान्यच करावे लागते.

त्याचे भक्ष्य होते बार्नॅकल. गोगलगाय कोणाच्या हिशेबातच नव्हती. लिटरमागे एक नॅनोग्रॅमहूनही (ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही) कमी टीबीटी डॉग व्हेल्कच्या मादीत विकृती सुरू करायला पुरते. स्पर्धांच्या मोठ्या तरणतलावात सुमारे 25 लाख लिटर पाणी मावते; त्यात हे प्रमाण यायला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढे टीबीटी पुरे. पाच नॅनोग्रॅमच्या आसपास माद्या वांझ होऊ लागतात. ब्रिटनने 1985 मध्ये पाण्यासाठी 20 नॅनोग्रॅमची मर्यादा ठरवली होती. म्हणजे कायद्याने सुरक्षित मानलेल्या पाण्यातही मादी वांझ होत होती. पुढे ती मर्यादा 2 नॅनोग्रॅमवर आणावी लागली.

विकृतीच्या पायऱ्या. तीव्रता मोजण्यासाठी शुक्रवाहिनीच्या वाढीवर आधारलेला 0 ते 6 असा निर्देशांक वापरतात. आधी जननद्वाराजवळ शुक्रवाहिनीचा एक तुकडा दिसतो, मग स्पृशेमागे कोंब फुटतो, तो वाढतो, आणि चौथ्या पायरीवर शुक्रवाहिनी दोन्ही टोके जोडते. इथपर्यंत मादी अंडी घालू शकते. पाचव्या पायरीवर शुक्रवाहिनीची ऊती जननद्वारावर पसरून ते बुजवते. संपुटे तयार होत राहतात, पण बाहेर पडत नाहीत. सहाव्या पायरीवरील मादीच्या पोटात ती काळपट गोळ्यासारखी साचतात आणि अनेकदा मादी त्यातच मरते.

दुसरा निर्देशांक शिश्नाच्या लांबीचा आहे. मादीतल्या सरासरी लांबीचा घन, भागिले नरातल्या सरासरी लांबीचा घन, गुणिले शंभर. घन घेण्याचे कारण आकारमान. त्यामुळे मादीचे शिश्न नराच्या निम्मे असले तरी आकडा 50 नव्हे, 12.5 येतो. वाचताना हे विसरले तर बिघाड आहे त्याहून सौम्य वाटतो. ही वाढ सहसा मागे फिरत नाही. त्यामुळे पाण्याच्या एका नमुन्याने त्या दिवसाची स्थिती कळते, तर मादीवरून अनेक वर्षांचा हिशेब लागतो.

यंत्रणा. टीबीटीमुळे नेमके काय बिघडते, यावर बराच वाद झाला. आधी ॲरोमाटेज या विकराकडे (एन्झाइमकडे) बोट दाखवले गेले. पृष्ठवंशी प्राण्यांत ते टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवते. टीबीटीने ते अडवले की टेस्टोस्टेरॉन साचणार, असा तर्क होता. तो सरळ होता, पण गोगलगाय, शिंपले यांसारख्या मृदुकाय प्राण्यांत ही संप्रेरके आपल्यासारखी काम करतात हे गृहीत धरूनच उभा होता, आणि ते गृहीतकच डळमळीत आहे. 2004 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की टीबीटी पेशींतील रेटिनॉइड एक्स ग्राहीला (रासायनिक संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला) जाऊन चिकटते. या ग्राहीचा नैसर्गिक जोडीदार असलेले, ‘अ’ जीवनसत्त्वाशी संबंधित रेटिनॉइक आम्ल टोचल्यावर थाइस क्लॅव्हिजेरा या समुद्री गोगलगायीच्या मादीला टीबीटीशिवायही शिश्न फुटले. हेच स्पष्टीकरण आज अधिक ग्राह्य मानले जाते. सस्तन प्राण्यांत याच ग्राहीमार्फत टीबीटी मेदपेशींची निर्मिती वाढवते, असे प्रयोगांत आढळले आहे.

वस्त्यांचा ऱ्हास आणि बंदी. 1980 च्या दशकाच्या मध्यास नैर्ऋत्य इंग्लंडमध्ये बंदरांजवळचे खडक डॉग व्हेल्कविना ओस पडलेले दिसले. तरंगणारी पिल्लेच नसल्यामुळे शेजारच्या खाडीतून नवी भरती येण्याची सोय नव्हती. कायदा मात्र प्रथम हलला तो कालवांसाठी. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांची पैदास बसली, शिंपले वेडेवाकडे जाड झाले, आणि 1982 मध्ये फ्रान्सने 25 मीटरहून लहान होड्यांना हा रंग मना केला. ब्रिटनने 1987 मध्ये तेच केले. गोगलगायीला बाजारभाव नव्हता, कालवाला होता. मोठ्या जहाजांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2001 च्या कराराने हाताळला. तो 17 सप्टेंबर 2008 रोजी अमलात आला. त्यानंतर युरोपातील अनेक किनाऱ्यांवर विकृतीचे प्रमाण घटले आणि गोगलगायी परतल्या.

एक अपवाद चमत्कारिक आहे. केंट परगण्यातल्या डम्पटन गॅप येथील काही डॉग व्हेल्क नरांत जनुकीय दोषामुळे शिश्न खुरटे राहते किंवा येतच नाही. त्याच दोषामुळे तिथल्या अनेक माद्यांना टीबीटीची बाधा झाली नाही आणि आजूबाजूच्या वस्त्या संपत असताना ही तगली. ‘डम्पटन सिंड्रोम’ म्हणून हा दोष ओळखला जातो.

भारतीय किनारा. कोकणाचेच नाव धारण करणाऱ्या क्रोनिया कोंकणेन्सिस या गोगलगायीतील इम्पोसेक्सची नोंद 1999 मध्ये दोना पावला (गोवा) येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी प्रसिद्ध केली. पुढे जिरिनियम नटाटर ही जात भारतीय किनाऱ्यावरील प्रदूषण जोखण्यास उपयोगी ठरेल असेही सुचवण्यात आले. पाण्यातील टीबीटी काही दिवसांत ते काही आठवड्यांत विघटित होते, पण बंदराच्या तळाशी प्राणवायू नसलेल्या गाळात ते वर्षानुवर्षे टिकते. जहाजांचा मार्ग खोल करण्यासाठी तो गाळ उपसला की जुन्या रंगातले कथील पुन्हा पाण्यात मिसळते.