केशरी कार्ड आहे, मग धान्य का मिळत नाही?

रेशनकार्ड हातात पडलं की धान्य सुरू होतं, हा आपल्याकडचा सर्वांत मोठा गैरसमज. कार्ड मिळणं वेगळं आणि अन्न सुरक्षा योजनेत नाव लागणं वेगळं. एक लाखापर्यंत वार्षिक उत्पन्न असेल तर केशरी कार्ड मिळतं. पण प्राधान्य कुटुंब म्हणून धान्य हवं असेल, तर मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये. म्हणजे शहरात महिन्याला पाच हजारांच्याही आत! धुणीभांडी करणाऱ्या दोन मायलेकींचीही कमाई याहून जास्त भरते, आणि ही मर्यादा अन्न सुरक्षा कायदा लागू झाला तेव्हाची, २०१४ सालातली.

योजनेत नाव असेल तर प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला (म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांना) कार्डामागे ३५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे, दुकानदाराला पैसे द्यायचे नाहीत.

नव्या कार्डासाठी नमुना १ भरायचा. मुंबईत शिधावाटप कार्यालयात, इतरत्र तहसीलच्या पुरवठा शाखेत, किंवा घरबसल्या ऑनलाइन. सोबत घरातल्या सगळ्यांचे आधार, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा (लाइट बिल किंवा भाडेकरार) आणि कुटुंबप्रमुख बाईचा फोटो. हो, बाईचाच. कायद्याने घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख धरली जाते.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नाव कमी केल्याच्या दाखल्यापाशी. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर तसंच असतं आणि एक आधार दोन कार्डांवर चालत नाही. आधी माहेरी नमुना ९ भरून नाव कमी करायचं, तो दाखला घेऊन सासरी नमुना ८ भरून नाव चढवायचं. बाळाचं नावही नमुना ८ वरच चढतं, त्याला जन्माचा दाखला जोडा.

कार्ड आलं की त्याचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक मागून घ्या. तो नसेल तर दुकानातल्या मशीनला तुम्ही दिसणारच नाही. मग धान्यासाठी योजनेत समावेशाचा अर्ज वेगळा द्या, पोच घ्या. ‘इष्टांक संपला’ असं उत्तर मिळेल, आणि ते खोटं नसतं. राज्याला लाभार्थ्यांची संख्या ठरवून दिलेली आहे, ती सुमारे सात कोटी. कुणाचं नाव वगळलं गेलं की जागा होते, म्हणून पोच जपून ठेवायची.

नाव लागल्यावर प्रत्येकाचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, करून घ्या. भांडी घासून, सिमेंट कालवून बोटांचे ठसे झिजलेले असतात, अंगठा लागत नाही. अशांनी मोबाइलच्या ‘मेरा ई-केवायसी’ अ‍ॅपवर चेहरा दाखवून ते उरकावं. कामासाठी गाव सोडलं असेल तर नवं कार्ड काढू नका, त्याच क्रमांकावर देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य उचलता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ वर फोन लावा.