स्त्रियांना वकिलीची मनाई खरोखरच नव्हती?

रत्नागिरीच्या न्यायालयाबाहेर सातबाराच्या उताऱ्यांची पिशवी सांभाळत बसलेल्या पक्षकारांत आणि टपरीवर चहा घेणाऱ्या वकीलमंडळींतही एक समज पक्का आहे: कायद्याने स्त्रियांना वकिलीची मनाई कधीच नव्हती, त्याच पुढे आल्या नाहीत. हा समज साफ चुकीचा आहे.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या; परंतु ते विद्यापीठ स्त्रियांना पदव्या देऊ लागले ते १९२० मध्ये. इकडे वकिलांविषयीच्या १८७९ च्या कायद्यात ‘व्यक्ती’ याच अर्थाचा शब्द असूनही त्यात स्त्री मोडत नाही, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने १९१६ मध्ये रेजिना गुहा यांच्या वकिलीसाठीच्या अर्जावर दिला आणि १९२१ मध्ये पाटण्याने सुधांशुबाला हाजरा यांनाही तेच ऐकवले. (मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्दच स्त्रीलिंगी, ही गंमत वेगळी.)

त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र सोराबजींना सनद दिली, आणि १९२३ च्या कायद्याने ही आडकाठी ब्रिटिश हिंदुस्थानात सर्वत्र दूर झाली. तत्पूर्वी, १९०४ पासून, त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌ससाठी (अज्ञान वारस व स्त्रिया यांच्या इस्टेटी सांभाळणारे सरकारी खाते) पडदानशीन स्त्रियांना इस्टेटीच्या व्यवहारांत सल्ला देत होत्या. त्यांच्या वतीने न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याचा हक्क तेवढा नव्हता.