रीनल डिनर्व्हेशन

रीनल डिनर्व्हेशन : मूत्रपिंडाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीभोवती जाळ्यासारख्या पसरलेल्या अनुकंपी चेता (शरीराला ताणासाठी सज्ज करणाऱ्या सिंपथेटिक नसा), रोहिणीच्या आतून नेलेल्या कॅथेटरने (बारीक लवचिक नळीने) उष्णता किंवा अल्कोहोल देऊन निकामी करण्याची उपचारपद्धती. औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या उच्च रक्तदाबासाठी ती वापरतात. याच विचारातून हृदय निकामी होण्याच्या विकारातही (हार्ट फेल्युअर) पोटातल्या एका चेतेवर असा उपचार करून पाहिला गेला आहे.

या चेतांमधून संदेश दोन्ही दिशांनी जातात. मेंदूकडून आलेला संदेश मूत्रपिंडाला तीन कामे सांगतो : रेनिन (रक्तदाब वाढवणारी साखळी सुरू करणारे विकर) सोड, मीठ धरून ठेव, रक्तवाहिन्या आवळ. तिन्हींनी रक्तदाब वाढतो. उलट बाजूने, मूत्रपिंडाला रक्त कमी पडले किंवा इजा झाली की तिथून मेंदूकडे संदेश जातो आणि मेंदू साऱ्या शरीराची अनुकंपी चेतासंस्था ताणलेली ठेवतो. हृदयालाही तो ताण सोसावा लागतो. या चेता जाळल्या तर मूत्रपिंड बिघडणार नाही का, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर प्रत्यारोपणाने केव्हाच दिले आहे : प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या चेता कापलेल्याच असतात, तरीही ते वर्षानुवर्षे रक्त गाळत राहते.

चेता तोडून दाब उतरवण्याची कल्पना जुनीच. रक्तदाबावर धड औषध नव्हते त्या काळात, १९३० ते १९५० च्या दशकांत, पाठीकडून शस्त्रक्रिया करून पोटाकडे जाणाऱ्या अनुकंपी चेता कापून टाकत. अमेरिकी शल्यविशारद रेजिनाल्ड स्मिथविक यांनी १९५३ मध्ये अशा १,२६६ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये पाच वर्षांतले मृत्यू बरेच कमी होते. पण वाचलेल्यांचे हालही कमी नव्हते. उभे राहिले की दाब कोसळून चक्कर यायची, मलमूत्रावरचा ताबा बिघडायचा, पुरुषांमध्ये नपुंसकत्व यायचे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरोथायझाइडसारखी मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधे आली आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली.

कॅथेटरने तीच गोष्ट नेमक्या जागी करता येऊ लागली. जांघेतली रोहिणी टोचून नळी महारोहिणीतून मूत्रपिंडाच्या रोहिणीत नेतात. एका प्रकारात कॅथेटरचे टोक स्प्रिंगसारखे वळते आणि त्यावरचे चार इलेक्ट्रोड भिंतीला टेकून मिनिटभर रेडिओ लहरींची उष्णता देतात. दुसऱ्या प्रकारात छोट्या फुग्याच्या मधोमध अल्ट्रासाउंडचे उगमस्थान असते. फुग्यात खेळवलेले पाणी रोहिणीचे आतले अस्तर थंड ठेवते आणि लहरी त्यापलीकडे काही मिलिमीटरवर ऊब साठवतात. एका जागी सात सेकंद पुरतात. तिसऱ्या प्रकारात बारीक सुयांनी रोहिणीबाहेर अल्कोहोल सोडतात. ऊर्जा सुरू होताच रुग्णाला कंबरेत खोलवर कळ जाणवते, म्हणून गुंगीचे आणि वेदनाशामक औषध आधीच द्यावे लागते.

इथेच या उपचाराची खरी अडचण आहे. डॉक्टरला पडद्यावर रोहिणी दिसते, चेता दिसत नाहीत. रोहिणीच्या मुळापाशी त्या भिंतीपासून दूर असतात, मूत्रपिंडाजवळ भिंतीला चिकटत येतात. पुरेशा चेता मेल्या की नाही हे टेबलावरच खात्रीने सांगणारी सोपी चाचणी अजून नाही. अँजिओप्लास्टीत अडलेली रक्तवाहिनी डोळ्यांदेखत मोकळी होते. इथे हाती काय लागले ते पुढचे काही महिने दाब मोजूनच कळते.

पहिल्या रुग्णावर हा उपचार २००७ मध्ये मेलबर्नमध्ये झाला. हेन्री क्रम, मरे एस्लर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ४५ रुग्णांचे निष्कर्ष मांडले. पुढच्या वर्षी १०६ रुग्णांच्या चाचणीत वरचा दाब सहा महिन्यांत सरासरी ३२ मि.मी. उतरल्याचे दिसले. इतकी घट म्हणजे रक्तदाबाचा प्रश्नच मिटला, असे वाटावे. पण या चाचण्यांमध्ये आपल्यावर उपचार झाला आहे हे रुग्णाला ठाऊक होते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिंप्लिसिटी एचटीएन-३ या ५३५ रुग्णांच्या चाचणीने ही पळवाट बंद केली. सगळ्यांच्याच जांघेत नळी घातली, सगळ्यांच्याच मूत्रपिंडांची अँजिओग्राफी केली, गुंगी दिली, डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांना संगीत लावले. उष्णता मात्र काहींनाच दिली. सहा महिन्यांनी खऱ्या उपचाराने वरचा दाब सुमारे १४ मि.मी. उतरला, लुटुपुटीच्या उपचाराने सुमारे १२. फरक नगण्य. काहीच न जाळता दाब १२ ने का उतरावा? निरीक्षणाखाली आलेला माणूस गोळ्या वेळेवर घेऊ लागतो, मिठाला जपतो, आणि चढा आकडा पाहून निवडलेल्याचा पुढचा आकडा एरवीही थोडा खाली येतोच. या विषयातले हे सर्वांत मोलाचे प्रकरण आहे असे मला वाटते. दोन वर्षे आधी थांबून ३२ या आकड्यावर विसंबलो असतो, तर लाखो लोकांच्या रोहिण्यांत नळ्या गेल्या असत्या.

तरीही कल्पना मेली नाही. चाचणीचे पुन्हा विश्लेषण झाले तेव्हा दोन्ही रोहिण्यांत चारही बाजूंना उष्णतेचे डाग नीट बसलेले रुग्ण अगदी थोडे निघाले. मग उपकरणे बदलली, उपशाखांमध्येही उष्णता देणे सुरू झाले, रुग्णाने गोळ्या घेतल्या की नाही हे रक्त-लघवी तपासून पाहिले जाऊ लागले, आणि दवाखान्यातल्या एका मोजणीऐवजी २४ तासांची नोंद प्रमाण मानली. २०२० मध्ये गोळ्या बंद ठेवून केलेल्या ३३१ रुग्णांच्या चाचणीत, लुटुपुटीच्या उपचाराशी तुलना करता, २४ तासांचा वरचा दाब ३.९ मि.मी. जास्त उतरला. अल्ट्रासाउंडच्या चाचण्यांत दिवसाच्या दाबातला फरक साधारण ४.५ ते ६.३ मि.मी. आला. गोळ्या चालू ठेवलेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र २४ तासांच्या दाबात फरक दिसलाच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने) रेडिओ लहरींच्या आणि अल्ट्रासाउंडच्या प्रत्येकी एका उपकरणाला मान्यता दिली.

म्हणजे सरासरी लाभ एखाद्या गोळीइतका, पण रोज आठवणीने घ्यावी न लागणाऱ्या गोळीचा. ज्याला तीन-चार औषधे घेऊनही दाब आवरत नाही किंवा औषधे सोसत नाहीत, त्याला हे थोडे नाही. युरोपीय हृदयरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२४ च्या सूचनांनुसार हा पहिला उपचार नव्हे. रुग्णाशी सविस्तर बोलून, त्याची इच्छा असेल तर विचार करावा. त्याआधी दाबामागे अल्डोस्टेरॉनचा (शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाचा) अतिरेक, मूत्रपिंडाच्या रोहिणीचे आकुंचन, झोपेतला श्वासरोध असे कारण तर नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. मूत्रपिंडाचे काम फार घटलेले असेल तर हा उपचार टाळतात. धोके बहुतेक जांघेतल्या टोचणीचे, रक्त साकळणे किंवा फुगवटा येणे असे. रोहिणी नंतर अरुंद होण्याचे प्रसंग विरळ आहेत.

हृदयाच्या विकारातली चेता वेगळी : छातीच्या मणक्यांपासून पोटात उतरणारी मोठी स्प्लँक्निक चेता. पोटातल्या नीला हे शरीराचे रक्ताचे मोठे कोठार. ही चेता चेतली की कोठार आवळले जाते आणि रक्त छातीकडे ढकलले जाते. ज्यांच्या हृदयाची आकुंचनशक्ती शाबूत आहे पण भिंती ताठ झाल्या आहेत, त्यांना जिना चढताना लागणारी धाप काही अंशी याचीच असावी, असा तर्क आहे. यात नळी जांघेतल्या नीलेतून छातीत मणक्यांलगत असलेल्या अझायगस नीलेत आणि तिथून बरगड्यांमधल्या नीलेत नेऊन उजवी चेता जाळतात. सुरुवातीच्या थोड्या रुग्णांत व्यायामावेळचा फुप्फुसांतला दाब घटला. रीबॅलन्स-एचएफ या चाचणीत लुटुपुटीच्या उपचाराशी सामना होताच, महिन्याभरानंतर दोन्ही गटांच्या दाबात एकूण फरक उरला नाही. काही विशिष्ट रुग्णांना लाभ होत असावा असे तिच्या आकड्यांवरून वाटते. पण ते रुग्ण आधीच निवडून केलेल्या चाचणीतच हे सिद्ध होऊ शकते, आणि तोवर हार्ट फेल्युअरमध्ये हा उपचार संशोधनापुरताच आहे.