बेळगावात मोफत डायलिसिस: कागद नेमके कुठे अडतात

किडनीचा आजार एका रात्रीत डायलिसिसवर येत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायची घाण) चढत चाललंय, असं डॉक्टर बरेच महिने सांगत असतात. त्या काळात आपण पथ्य विचारतो, गावठी औषधं विचारतो, पण रेशनकार्ड उघडून बघत नाही. मग सुई टोचायची वेळ आली की धावपळ सुरू होते.

कर्नाटकात २०१८ पासून ‘आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक’ योजना आहे. बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. हे ५ लाख अख्ख्या घराचे, माणशी नव्हेत. एपीएलवाल्यांच्या (दारिद्र्यरेषेवरच्या) बाबतीत सरकार ३० टक्के भरतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. ‘आपल्याला ३० टक्केच भरायचेत’ असं समजून ॲडमिट होणारे कमी नाहीत. शिवाय हे ३० टक्के सरकारने ठरवलेल्या पॅकेजच्या दराचे असतात, दवाखान्याच्या बिलाचे नव्हेत.

या योजनेचं कार्ड काढणं सोपं आहे. आधार आणि रेशनकार्ड घेऊन ‘ग्राम वन’ किंवा ‘बेळगाव वन’ या सरकारी सेवा केंद्रात जायचं.

खरा घोळ रेशनकार्डावरच असतो. लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या बाईचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, किंवा तिथून कमी केलेलं आणि सासरी चढवलेलंच नाही. घरात बीपीएल कार्ड आहे, पण त्यावर पेशंटच नाही! नावांचं तर विचारूच नका. रेशनकार्ड कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत, आधार इंग्रजीत. आपल्याकडचा ज्ञानेश्वर एका कागदावर ‘डी-एन-वाय’ने सुरू होतो आणि दुसऱ्यावर ‘जे-एन-ए’ने. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नावच गायब. काउंटरवरच्या माणसाला तो एकच माणूस आहे हे समोर दिसत असतं, तरी कॉम्प्युटर घेत नाही म्हणून तो परत पाठवतो. सगळीकडे एकच स्पेलिंग करून घ्या, आणि तब्येत बरी असतानाच करा. अंगठा द्यायला पेशंटला स्वतः जावं लागतं. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी माणसाला रांगेत उभं करणं बरं नव्हे.

दुसरी अडचण रेफरल पत्राची. आधी सरकारी दवाखाना, तिथे सोय नसेल तर तिथलं पत्र घेऊन योजनेतल्या खासगी दवाखान्यात, असा क्रम आहे. इमर्जन्सीत पत्र लागत नाही. लोक थेट खासगीत जातात, डिपॉझिट भरतात आणि पंधरा दिवसांनी कार्ड घेऊन येतात. भरलेले पैसे योजनेतून परत मिळत नाहीत, हे त्यांना आधी कुणीच सांगितलेलं नसतं.

डायलिसिस सेंटरवर जाताना हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट सोबत ठेवा. मशीन कुठलं द्यायचं ते त्यावर ठरतं. हातावरचा फिस्टुला (डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशनने शीर आणि धमनी जोडलेली जागा) तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून तोही आधीच करून घ्यावा. त्या हातावर बीपी मोजू देऊ नका, सलाईनही लावू देऊ नका.

अपंगत्वाच्या कार्डासाठी हेलपाटे घालू नका. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत किडनीचा आजार नाही. एजंट काढून देतो म्हणाला तरी पैसे देऊ नका.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली. त्यावर दोन्ही सरकारांची भांडणं झाली ती वेगळी. आपलं गाव यादीत आहे का आणि दवाखाना त्या योजनेत आहे का, हे दोन्ही विचारल्याशिवाय कोल्हापूरची गाडी पकडू नका.

रेल्वेची सवलत मात्र फार थोडे लोक घेतात. डायलिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला स्लीपर व थ्री-एसीत ७५ टक्के सूट आहे. दवाखान्याकडून ठराविक नमुन्यातला दाखला घेऊन स्टेशनच्या खिडकीवर जायचं.

प्रत्यारोपणाचा विचार असेल तर कायद्याने ‘जवळचे नातेवाईक’ कोण ते आधी बघा. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं, एवढेच. चंदगडची सून सासऱ्याला किडनी द्यायला मनापासून तयार असली, तरी कायद्याने ती त्यात बसत नाही. मग परवानगीच्या समितीपुढे जावं लागतं आणि तहसीलदारांचा रहिवासाचा दाखलाही लागतो. देणारं कुणीच नसेल तर मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव दवाखान्यामार्फत घालता येतं. त्यासाठी त्याच राज्याचं रहिवासी असण्याची अट केंद्राने २०२३ मध्ये काढायला सांगितली आहे.