रक्तपेढीतील रक्तदान
रक्तपेढीतील रक्तदान : निरोगी व्यक्तीने रुग्णालयाच्या रक्तपेढीत जाऊन, मोबदला न घेता, ठरावीक प्रमाणात आपले रक्त देणे. ‘पेढी’ हा शब्द सराफ-सावकारांकडून आला. सराफाच्या पेढीवर ठेवीदाराचे नाव चालते; इथे मात्र पिशवीवर दात्याचे नाव नसते, फक्त क्रमांक असतो. २०२० साली औषधविषयक नियमांत बदल होऊन कायद्याच्या भाषेत ‘रक्त केंद्र’ हे नाव आले, तरी बोलण्यात ‘ब्लड बँक’च टिकून आहे. काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या येऊनही कित्येक वर्षे झाली, पण शस्त्रक्रिया ठरली की घरात अजून ‘दोन बाटल्या रक्त लागेल’ असेच म्हणतात.

रुग्णाचा भाऊ किंवा मेहुणा धावतपळत पेढीत येतो आणि बाही सरसावून ‘माझं घ्या आणि त्याला चढवा’ म्हणतो, हे दृश्य नेहमीचे. बहुधा तसे होत नाही. त्याचे रक्त तपासणीसाठी बाजूला जाते आणि रुग्णाला शीतकपाटात आधीच तयार असलेली, जुळवून पाहिलेली पिशवी मिळते. या प्रकाराला ‘बदली रक्तदान’ म्हणतात. हे बदली दाते कमी करत सगळा भार स्वेच्छा दात्यांवर आणावा, असे २००२च्या राष्ट्रीय रक्तधोरणाचे उद्दिष्ट आहे. त्यामागे निव्वळ आदर्शवाद नाही. घरचा माणूस आत तळमळत असताना नातेवाईक फॉर्ममधल्या प्रश्नांना खरी उत्तरे देईलच असे नाही, आणि पेढीचा निम्मा भरवसा त्या उत्तरांवर असतो.

फॉर्ममध्ये झोप, जेवण, चालू औषधे, अलीकडचे आजार, गोंदण, लैंगिक संबंध असे सगळे विचारलेले असते. पहिल्यांदा आलेला माणूस इथे थोडा अवघडतो. वय १८ ते ६५ (पहिलेच रक्तदान असेल तर साठीच्या आत), वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला किमान १२.५ ग्रॅम आणि रक्तदाब मर्यादेत, या मुख्य अटी. मलेरिया होऊन गेला असेल तर तीन महिने आणि गोंदवून घेतले असेल तर वर्षभर थांबावे लागते. समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्तींना २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सरसकट वगळले. एका संपूर्ण समूहालाच धोकादायक ठरवणाऱ्या या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे.

हिमोग्लोबिन पाहण्याची जुनी रीत अजूनही बऱ्याच ठिकाणी दिसते. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात बोटातल्या रक्ताचा थेंब सोडतात. तो पंधरा सेकंदांत तळाशी गेला तर दाता पात्र; मध्येच रेंगाळला किंवा वर आला तर ‘हिमोग्लोबिन भरत नाही’ असे सांगून परत पाठवतात. अशा परतलेल्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते. त्यांना नुसते ‘पुढच्या वेळी या’ म्हणून बोळवण करणारी पेढी आपले निम्मेच काम करते. लोहाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडे पाठवणेही तिथेच व्हायला हवे.

प्रत्यक्ष रक्त काढायला पाच-दहा मिनिटे पुरतात. दंडाला पट्टा बांधतात, हातात स्पंजचा चेंडू देतात आणि कोपराच्या खोबणीतल्या शिरेत सुई घालतात. सुई सलाइनच्या सुईपेक्षा जाड असते, कारण बारीक सुईत रक्त अडखळते आणि पेशी फुटतात. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत रक्त गोठू न देणारे ४९ मिलिलिटर द्रावण आधीच भरलेले असते, म्हणून भरत असताना पिशवी सतत हलती ठेवतात. ४५० मिलिलिटरची पिशवी ५५ किलोंहून अधिक वजनाच्या दात्यांसाठी. पिशवीच्या नळीवर एकच क्रमांक पुन्हापुन्हा छापलेला असतो. तंत्रज्ञ नळीला ठिकठिकाणी सील करून तिचे तुकडे पाडतो, आणि पुढे रुग्णाच्या रक्ताशी जुळणी (क्रॉसमॅच) करताना मूळ पिशवी न उघडता हेच तुकडे वापरतो.

नंतर चहा-बिस्किटे आणि थोडी विश्रांती. चक्कर येते ती बहुधा उपाशीपोटी आलेल्याला किंवा लगेच ताडकन उठणाऱ्याला. गेलेला द्रव भाग (प्लाझ्मा) एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, लोहाला त्याहून जास्त. म्हणून पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांचे अंतर ठेवावे लागते.

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया यांसाठी तपासणी सक्तीची आहे. एचआयव्हीची सक्ती १९८९ साली आली. मात्र संसर्ग झाल्यावर तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो, आणि त्या फटीत फॉर्मवरचे खरे उत्तरच उपयोगी पडते. पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते नेमके हेच लपवत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालामुळे त्यांच्यावर १ जानेवारी १९९८पासून बंदी आली. आता रुग्णाकडून पेढी जे पैसे घेते ते तपासणी आणि प्रक्रियेचे शुल्क. रक्ताची किंमत लावता येत नाही.

भारतातली पहिली रक्तपेढी १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, कोलकात्यात निघाली. रक्तगटांच्या इतिहासात मुंबईचे नाव कायमचे लागले ते १९५२ साली. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, ज्यात ए, बी तर नाहीतच, पण ‘ओ’ गटाच्या पेशींवर असणारा एच घटकही नाही. हाच ‘बॉम्बे रक्तगट’. नेहमीच्या चाचणीत तो ‘ओ’ म्हणूनच दिसतो आणि घोटाळा तिथेच होतो, कारण या माणसाला ‘ओ’ रक्त चढवले तर जीवावर बेतते. भारतात साधारण दहा हजारांत एक जण या गटाचा असतो. अशा दात्यांची यादी ठेवून गरजेच्या वेळी फोन करून बोलावतात; ‘गरजेच्या आधी द्या’ हा नियम इथे बराचसा उलटतो.

इतरांच्या बाबतीत तो पक्का आहे. मे महिन्यात महाविद्यालये बंद, लोक गावाला गेलेले. दिवाळीतही तीच गत. या दोन्ही वेळी महाराष्ट्रातल्या पेढ्यांत खडखडाट होतो. याउलट नेत्याच्या वाढदिवशी एकाच तालुक्यात चार शिबिरे लागतात. मंडळांचा वाटा नाकारण्यासारखा नाही: २०२० साली, करोनाच्या साथीत, लालबागचा राजा मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचे शिबिर घेतले. पण रक्त साठवून ठेवण्याला हद्द आहे, आणि वेगळ्या केलेल्या प्रत्येक घटकाची हद्द निराळी. नेहमीच्या पिशवीतल्या तांबड्या पेशी २ ते ६ अंशांत ३५ दिवस टिकतात, पोषक द्रावण घातले तर ४२. गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर राहतो. प्लेटलेट्सना (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींना) मात्र २०-२४ अंश तापमान आणि सतत हलते यंत्र लागते, तरीही त्या पाचच दिवस टिकतात. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे वॉर्ड भरले की सगळ्यात आधी त्याच संपतात. रविवारच्या शिबिरातल्या प्लेटलेट्स शुक्रवारपर्यंत वापरल्या गेल्या नाहीत, तर फेकून द्याव्या लागतात. म्हणून पेढीचे कर्मचारी शिबिरातल्या गर्दीपेक्षा दर तीन-चार महिन्यांनी मधल्या वारी, कुणी न बोलावता येणाऱ्या दात्याला अधिक ओळखून असतात.