बी४३ (लिनक्समधील वायफाय ड्रायव्हर)

ब्रॉडकॉम या अमेरिकी कंपनीच्या बीसीएम ४३ मालिकेतील वायफाय चिपांसाठी लिनक्स कर्नेलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) असलेला मुक्त ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा खुला प्रोग्रॅम. कंपनीने चिपची माहिती दिली नसताना तिच्याच बंदिस्त ड्रायव्हरची उकल करून तो लिहिला गेला. डेल व एचपीचे अनेक लॅपटॉप आणि ॲपलची एअरपोर्ट एक्स्ट्रीम कार्डे यांत या चिपा असत. त्यामुळे ‘लिनक्स टाकले आणि वायफाय गेले’ या तक्रारीत ही मालिका दीर्घकाळ आघाडीवर राहिली.

बी४३ येण्यापूर्वी एनडीआयएसरॅपर हा तोडगा होता. विंडोजच्या ड्रायव्हरला आपण विंडोजमध्येच आहोत असे भासवणारा हा थर बऱ्याच यंत्रांवर काम भागवी. मात्र आतला ड्रायव्हर बंदिस्तच असल्याने तो कोसळला की कारण शोधणे अशक्यप्राय होई.

उगम : बी४३चा पूर्वज बीसीएम४३एक्सएक्स हा २००५च्या अखेरीस जाहीर झाला आणि जून २००६ मधील २.६.१७ या कर्नेलमध्ये दाखल झाला. पद्धत दोन गटांची होती. एका गटाने बंदिस्त ड्रायव्हरचा यंत्रसंकेत वाचून चिपच्या वर्तनाचे वर्णन लिहिले. दुसऱ्याने फक्त ते वर्णन समोर ठेवून ड्रायव्हर रचला. मूळ संकेत आणि नवे लेखन यांचा संपर्क येऊ न देणे हा कायदेशीर बचावाचा भाग होता. पुढे वायफाय ड्रायव्हरांसाठी मॅक८०२११ हा सामाईक थर कर्नेलमध्ये आला आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये बी४३ व बी४३लेगसी हे दोन ड्रायव्हर अवतरले. बी४३ला काही जण स्वतंत्र नवे लेखन समजतात. परंतु बीसीएम४३एक्सएक्सची या थरावर बेतलेली शाखाच नव्या नावाने पुढे आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दोन ड्रायव्हर होण्याचे कारण फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहे : जुन्या चिपांना तिसऱ्या पिढीचे फर्मवेअर लागते, नंतरच्यांना चौथ्या. एप्रिल २००७ मध्ये ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या ड्रायव्हरमध्ये या प्रकल्पाचा जीपीएल या मुक्त परवान्याखालील संकेत आढळल्याने वाद झाला आणि तो ड्रायव्हर मागे घेतला गेला.

कंपनीच्या मौनाबद्दल दोन मते आढळतात. रेडिओ लहरींच्या शक्तीवरील सरकारी निर्बंध सॉफ्टवेअरमधून मोडले जातील ही भीती, हे एक. व्यापारी गुपिते हे दुसरे. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने स्वतःच नव्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला. ते पाहता पहिले कारण एकटे पुरेसे वाटत नाही.

दोषनिवारण : दोष ड्रायव्हरचा म्हणून सांगितला जातो, पण बहुधा उणीव फर्मवेअरची असते. ड्रायव्हर कर्नेलसोबत येतो. चिपच्या आत चालणारे फर्मवेअर येत नाही, कारण त्याच्या वाटपाची परवानगी कंपनीने दिलेली नाही. म्हणून ते कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरमधून बी४३-एफडब्ल्यूकटर या साधनाने कापून काढावे लागते. कर्नेलच्या नोंदीत ‘बी४३/यूकोड५.एफडब्ल्यू’ सापडत नसल्याची ओळ दिसली, की निदान झालेच. अडचण अशी की ते उतरवायला इंटरनेट हवे आणि यंत्रात नाही ते नेमके तेच; तिथे नेटवर्कची केबल किंवा यूएसबीने जोडलेला मोबाइल कामी येतो. डेबियन या लिनक्स वितरणाच्या १२व्या आवृत्तीपासून (२०२३) अमुक्त फर्मवेअर प्रतिष्ठापन-प्रतीतच मिळते. बी४३चे मात्र वाटपच करता येत नसल्याने ते तिथेही नाही.

चिप ओळखताना नावावर विसंबू नये. यंत्रातील उपकरणांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआय आज्ञेला ‘-एनएन’ जोडल्यावर दिसणारा क्रमांक खरा. १४ई४:४३१२ म्हणजे बीसीएम४३१२ असे कुणालाही वाटेल, पण ती बीसीएम४३११ निघते. बीसीएम४३१२चा क्रमांक १४ई४:४३१५ आहे आणि तिला बी४३चा आधार २.६.३२ या कर्नेलपासून मिळाला. चुकीच्या चिपसाठी सांगितलेला उपाय करून पाहण्यात संध्याकाळ घालवणारे बरेच.

दुसरा नेहमीचा गोंधळ दोन ड्रायव्हरांच्या झटापटीचा. कंपनीचा बंदिस्त ‘डब्ल्यूएल’ आणि बी४३ दोन्ही बसवले असतील तर जो आधी चिप पकडेल तो दुसऱ्याला जागा देत नाही. त्यातही मेख आहे : तारेच्या नेटवर्कचा बी४४ ड्रायव्हर एसएसबी हे मॉड्यूल (कर्नेलला जोडला जाणारा भाग) सोबत आणतो आणि एसएसबी वायफायची चिप अडवून बसते. बी४३ काळ्या यादीत (आपोआप न चढवायच्या मॉड्यूलांच्या) टाकूनही ‘डब्ल्यूएल’ मुका राहतो तो यामुळे. एसएसबीलाच यादीत टाकले तर केबलचे नेटवर्क जाते. बी४४ व एसएसबी काढून, ‘डब्ल्यूएल’ आधी चढवून, मग बी४४ परत आणल्यास दोन्ही चालतात. ‘डब्ल्यूएल’ हे कर्नेलबाहेरचे मॉड्यूल असल्याने कर्नेल बदलल्यावर ते पुन्हा बांधावे लागते, आणि सिक्युअर बूट (स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी व्यवस्था) चालू असेल तर स्वाक्षरीविना चढत नाही.

रेडिओ चालू की बंद हे दाखवणाऱ्या आरएफकिल आज्ञेच्या यादीत ‘हार्ड ब्लॉक्ड’ दिसल्यास आज्ञांचा उपयोग नाही. लॅपटॉपच्या कडेचे वायफायचे बटण सरकवावे.

मुक्त फर्मवेअर : इटलीतील ब्रेशा विद्यापीठात ओपनएफडब्ल्यूडब्ल्यूएफ हे पर्यायी फर्मवेअर तयार झाले. ते थोड्याच चिपांवर चालते. हार्डवेअरमधील कूटलेखन त्यात नाही, ते काम संगणकाच्या प्रोसेसरवर पडते.